मूल न होणं आणि दत्तक (ग्रामीण विदर्भ)

लग्नाला वर्ष उलटलं की गावात विचारणं सुरू होतं, "काऊन वं, काही बातमी आहे का नाही?" आणि डॉक्टरही वर्षच मोजतात, म्हणजे वर्षभर कुठलंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच दाखवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे भोगावं लागतं. माणसांमागे म्हटलंय, आणि त्यात पुरुषही आले, हे आपल्याकडं अजून नीट उतरलेलं नाही.

पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बाईचं बीज बाहेर पडतं, ते १२ ते २४ तासच टिकतं, शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून महिन्यातले पाच-सहा दिवसच कामाचे असतात. आता नवरा विटभट्टीवर नाहीतर पुण्याकडं कंपनीत आणि बायको घरी सासूजवळ असेल तर ते दिवसच हुकतात. असं वर्ष मोजण्यात धरूच नये, पण गाव धरतं, आणि नाव बाईवर येतं. डोहाळजेवणाला तिला बोलावतात पण ओटी भरायला पुढं करत नाहीत, ती मागं भांड्यांजवळ बसते.

बाईच्या बाजूची नेहमीची कारणं म्हणजे पीसीओडी (हार्मोन बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडणं), थायरॉईड, एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) आणि गर्भाशयाच्या बंद झालेल्या नळ्या. नळ्या बंद व्हायला जुनं इन्फेक्शन कारण असतं, आणि भारतात गर्भाशयाचा टीबीसुद्धा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, त्यात ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावर पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं, तरी निंदणाला जायचं, दाखवायचं कोणाला आणि कसं, ही लाज बाईची कूस आतून खराब करते असं मला ठामपणे वाटतं.

साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. शुक्राणूंची संख्या म्हणजे काउंट कमी, त्यांची हालचाल कमी, अंडकोषातल्या शिरा फुगणं, मोठेपणी झालेलं गालगुंड, दारू, आणि आपल्याकडं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला. तंबाखूचा शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो हे सिद्ध आहे, आणि फवारणी करणाऱ्यानं तेही डॉक्टरला सांगावं. पुरुषाची तपासणी सगळ्यात स्वस्त, ना सुई ना दुखणं, दोन ते सात दिवस संबंध टाळून डबीत नमुना द्यायचा, तो तासाभरात लॅबला पोचला पाहिजे. मिलिलीटरला १ कोटी ६० लाखांच्या खाली आकडा आला तर कमी धरतात. एका रिपोर्टवर मन खचू देऊ नये, शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून खर्रा सोडून तीन महिन्यांनी परत तपासावं. पण होतं काय, बाईच्या कॅरीबॅगमधल्या फाईलीत चार वर्षांच्या सोनोग्राफ्या असतात, दोन-तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतात, मेळघाटात तर भुमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडं, जाऊन आल्याचा गंडाही हातात असतो, आणि नवऱ्याच्या नावाचा एक कागद नसतो. नवस बोलावा, त्याला कोणी ना म्हणत नाही, पण ती डबी आधी द्यावी.

उपचार गोळ्यांपासून सुरू होतात, मग आययूआय, म्हणजे शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडणं, मग आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू लॅबमध्ये जुळवून गर्भ आत ठेवणं, यालाच टेस्टट्यूब बाळ म्हणतात. भारतातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या हातून झालं, त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमनं ते करून दाखवलं. आता नागपूर, अमरावती, अकोल्यात सेंटर आहेत. २०२१ च्या कायद्यानं या उपचारांसाठी बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असं ठरवलंय, पैसे देऊन सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवणं, बंद आहे. आयव्हीएफची एक सायकल, म्हणजे एक पूर्ण फेरी, लाखाच्या वर जाते आणि निम्म्याहून जास्त वेळा पहिली रिकामी जाते, हे वावर गहाण टाकायच्या आधी ऐकून घ्यावं.

दत्तक आपल्या भागाला नवीन नाही. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले पोटी मुलगा नसताना वारले आणि इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक वारस न मानता १८५४ ला नागपूरचं राज्यच खालसा केलं. जुन्या दत्तकात वारस पाहिजे असायचा, म्हणून मुलगाच. १९५६ च्या कायद्यानं मुलगीही घेता येऊ लागली. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे, भावाचं लेकरू मांडीवर घेतात ते यातच बसतं, दत्तकाचा विधी म्हणजे दत्तहोम केला नाही तरी चालतं पण देणंघेणं प्रत्यक्ष झालं पाहिजे, आणि रजिस्टर दत्तकपत्र केलेलं बरं.

अनाथ किंवा आईबापांनी सोडलेलं लेकरू मात्र 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवूनच, हा रस्ता सगळ्या धर्मांना खुला आहे. सोशल वर्कर घरी येऊन बघते, मग यादीत थांबावं लागतं, कधी काही वर्षं, आणि शेवटचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही घेता येतात, एकट्या पुरुषाला मुलगी नाही. दवाखान्यातून कोणी "पोरगं आहे, पैसे द्या" म्हणालं तर तो लेकराचा सौदा आहे, घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, १०९८ या लेकरांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावावा. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर टाकलेल्या शंभरावर दिव्यांग लेकरांना बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं, २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. अशी लेकरं पोर्टलवर सगळ्यात जास्त वाट बघत असतात.

आदेशानंतर जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून नवीन आईबापाचंच नाव चढतं, शाळेत तोच दाखला चालतो. लेकराला मात्र तीन-चार वर्षांचं असतानाच गोष्टीसारखं सांगून टाकावं, नाहीतर हापशीवर पाणी भरताना कोणीतरी सांगतंच.