"देव झेपेल तेवढंच दुःख देतो" हे बायबलमध्ये नाहीये

कुणावर मोठं संकट आलं की कुणीतरी हमखास म्हणतंच, अरे देव झेपेल तेवढंच देतो, बायबलमध्येच लिहिलंय. नाही लिहिलेलं. ज्या वचनाचा आधार देतात ते 1 करिंथ 10:13, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, आणि तिथे विषय मोहात पडण्याचा आहे, म्हणजे इस्राएली लोक रानात मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यात कसे अडकले ते सांगून पौल म्हणतो की यातून निसटायची वाट देव ठेवतो. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, परीक्षा आणि मोह, मराठीत 'परीक्षा' आलं म्हणून घोळ अजूनच वाढतो.

उलट तोच पौल 2 करिंथ 1:8 मध्ये सरळ कबूल करतो की आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या तेव्हाच्या रोमन प्रांतात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार आला, जगायचीही आशा उरली नव्हती. आणि लगेच कारण देतो, आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. त्यामुळे झेपत नाही म्हणजे विश्वास कमी पडला असं प्लीज कुणाला ऐकवू नका, तो माणूस आधीच खचलेला असतो.

आणि देव गप्प वाटतो त्याचं काय? बायबलमधलं 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. एस्तेर या यहुदी राणीच्या हिब्रू पुस्तकात तर देवाचं नावच नाही, पण एका रात्री तिच्या नवऱ्याला, पर्शियाच्या राजाला, झोप लागत नाही आणि तिथून चक्रं फिरतात, यहुदी लोक ठरलेल्या कत्तलीतून वाचतात. एस्तेरला हे आधी कुठे माहीत होतं, ती तीन दिवस उपास करून, जीव धोक्यात घालून तशीच राजासमोर गेली.