मोत्या म्हटलं की तीन कुत्रे येतात

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू असताना वावरातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड पाच पिल्लं निघाली, त्यातला एक नर आम्ही घरी आणला. मादी कोणी आणत नाही, पुढं पिल्लांचं लेंढार कोण सांभाळणार म्हणून, अन मग तेच लोक विचारतात गावात कुत्रे एवढे का वाढले, असो. नाव काय ठेवायचं यावर घरात चार दिवस पंचायत. पोराला ब्रूनो पाहिजे, पण गावात दोन ब्रूनो ऑलरेडी आहेत, एक कृषी केंद्रवाल्याचा अन एक मास्तरचा. बायको म्हणे मोत्या ठेवा, साधं. आता आमच्या गल्लीत मोत्या म्हणून हाक मारली तर तीन कुत्रे येतात, अन ज्या घरी मोतीराम नावाचा माणूस असते ते घर दोन दिवस बोलत नाही. म्हणजे नाव वेगळंच पाहिजे, तेव्हा डोक्यात आलं की हे सगळे मोत्ये, काळ्ये, टॉमी आले तरी कुठून.

गावातली जुनी पद्धत एकदम सरळ होती, जसा दिसते तसं नाव. काळा तो काळ्या, तांबडा तो लाल्या, मातकट तो भुऱ्या, अंगावर धब्बे असले की कबऱ्या, शेपूट तुटकं असलं की लांड्या. अन लहानपणी कान कापून टाकले की बुच्या. हे कान कापायचं फॅड गावात अजून आहे, कापले की कुत्रं कडक होते म्हणतात, काही कडक होत नाही, फक्त पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. तर नाव म्हणजे ओळख पटायची खूण, बास. वेगळं वगैरे असायची कोणाला गरजच नव्हती, कारण वेगळेपणा मालकाच्या नावातून यायचा. पाटलाचा काळ्या, गिरणीवाल्याचा काळ्या, मारुतीच्या पाराजवळचा काळ्या. एका गावात पाच काळ्ये सुखानं नांदायचे.

अन ही पद्धत किती जुनी असावी, तर डायरेक्ट वेदापर्यंत जाते. ऋग्वेदात यमाच्या दारावर दोन कुत्रे आहेत, सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचे पोरं, चार डोळ्यांचे. चार डोळे म्हणजे डोळ्यावर दोन ठिपके असणारं कुत्रं, आपल्याकडं पण त्याला चार डोळ्याचंच म्हणतात. या दोघांची पुढं वैदिक ग्रंथांत जी नावं पक्की झाली ती श्याम अन शबल. श्याम म्हणजे काळा अन शबल म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. म्हणजे साक्षात यमाच्या दारावर कोण बसलेत, तर काळ्या अन कबऱ्या. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

उलट ज्या कुत्र्यांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो त्यांना नावच नाही. धर्मराजासोबत शेवटपर्यंत चालत गेला त्या कुत्र्याला नाव नाही. एकलव्यानं ज्याचं तोंड बाणांनी भरून टाकलं त्याला नाही. नामदेव महाराज ज्याच्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले, बाबा रे कोरडी भाकर खाऊ नको म्हणून, त्यालाही नाही. दत्ताच्या पायाशी चार बसलेत, ते चार वेद म्हणून सोडून दिलं. पण माणसाला कुत्र्याचं नाव द्यायला मात्र कोणी लाजलं नाही, ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्ताचे तीन पोरं आहेत, शुनःपुच्छ, शुनःशेप अन शुनोलांगूल, तिघांच्याही नावाचा अर्थ कुत्र्याचं शेपूट असाच काहीतरी. आपल्याकडं धोंड्या, दगड्या ठेवायचे तशातलाच प्रकार वाटते.

नाव असलेला अन मानपान मिळालेला मराठी कुत्रा पाहायचा असेल तर साताऱ्याजवळ संगम माहुलीला जा. तिथं छत्रपती शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, नाव खंड्या. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. याच शाहूंच्या काळात आमच्याकडं विदर्भात नागपूरकर भोसल्यांचं बस्तान बसलं, पण खंड्या हे नाव काही इकडं तेवढं रुळलं नाही, इकडं खंड्या म्हटलं की लोक नाल्यावरचा मासे पकडणारा पक्षी समजतात. वाघ्या मात्र रुळला. रायगडावरचा वाघ्या सगळ्यांना माहीत आहे, त्याचं स्मारक १९३६ चं. समकालीन कागदात त्याचा पत्ता नाही असा आक्षेप घेत २०११ मध्ये तो पुतळा काढला गेला, मग पुन्हा बसवला गेला, वाद अजून चालूच आहे. खंडोबाचे भक्त वाघ्या-मुरळी म्हणतात तोही वाघ्याच, अन खंडोबापाशी कुत्रा असतोच. म्हणजे नावाला देवाचाही आधार अन गडाचाही.

यातला तो शेवटचा 'या' बघा. गणेशचा गण्या, पांडुरंगाचा पांड्या, तसाच काळ्या, मोत्या, वाघ्या. घरातल्या पोट्ट्याला ज्या आवाजात हाक मारायची त्याच आवाजात कुत्र्याला. अन याला कामाचंही कारण आहे. रात्री जागलीवर माळ्यावर बसलं अन चण्यात रानडुकरं शिरली की कुत्र्याला हाक पार धुऱ्याच्या टोकापर्यंत जायला पाहिजे. काळ्याssss म्हणून हवं तेवढं ताणता येते. मॅक्स म्हणून ओरडून पाहा, तोंड बंद होऊन जाते, आवाज जाते कुठं. अजून एक, नाव 'हाड' च्या जवळ जायला नको. एकानं हौसेनं हार्डी ठेवलं होतं, हाक मारली की ते बिचारं शेपूट घालून पळायचं.

मग साहेब आला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, कामठीची छावणी तर १८२१ पासूनच होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. छावणी, रेल्वे, जंगलखातं, जिनिंग, जिथं साहेब तिथं बंगला अन बंगला तिथं कुत्रं. ते टॉमी, जिमी, टायगर बंगल्यावर काम करणाऱ्या लोकांच्या तोंडी बसून गावात आले. गंमत म्हणजे टॉमी हे इंग्लंडात साध्या शिपायाला म्हणायचे, टॉमी अ‍ॅटकिन्स. योगायोग असो की काही असो, गोऱ्या शिपायाचं नाव वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या कुत्र्याला लागलं याची मला अजून मजा वाटते.

अन शेरू हिंदीतून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची अन मग मध्य प्रदेशाची राजधानी होती, कोर्टकचेरीत, बाजारात हिंदी कानावर पडायचीच, म्हणून आमच्याकडं शेरू अन राजा जास्त. नीट पाहिलं तर वाघ्या, टायगर, शेरू हे एकाच हौसेचे तीन भाषेतले अवतार आहेत. अन रात्री गावात बिबट आला की तिघंही खाटेखाली.

पुढचं काम सिनेमानं अन टीव्हीनं केलं. १९९४ मध्ये हम आपके हैं कौन आला, त्यात टफी नावाचं कुत्रं होतं, अन तालुक्याच्या गावात प्रत्येक पांढरं झुबकेदार कुत्रं टफी झालं. २००३ च्या आसपास मोबाईलच्या जाहिरातीतलं पग आलं. आता तर इंस्टाग्राम आहे, म्हणून ब्रूनो, रॉकी, लिओ, सिम्बा. गावठी कुत्र्याला सिम्बा म्हणायला माझी ना नाही, पण वेगळं म्हणून ठेवलेलं नाव सहा महिन्यांत अख्ख्या तालुक्यात होऊन जाते त्याचं काय.

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन, आमचं पिल्लू काळ्या-पांढऱ्या धब्ब्यांचं असल्यानं, मी त्याचं नाव ठेवलं शबल. पंचक्रोशीत दुसरा निघणार नाही याची गॅरंटी. संध्याकाळी आबाजीले सांगितलं.

"हे कोन्तं नाव रे बापा? म्हंजे काय?"

"वेदातलं आहे आबाजी. म्हणजे धब्ब्याधब्ब्याचा."

"मंग कबऱ्याच म्हन नं लेका."

पोरगा त्याला ब्रूनोच म्हणते, बायको मोत्या म्हणते, मी आठ दिवस शबल, शबल करून पाहिलं. तो कबऱ्याला येते.