नाबोथाचा मळा आणि वनहक्काचा दावा

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात लहानपणी दिसते ती सासूला न सोडणारी सून. संडे स्कूलमध्ये शिकवतातही तेवढंच. पण नवापूर-अक्कलकुव्याकडची एखादी बाई ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आली, की ती दुसऱ्या अध्यायावर थांबते. परमुलखातली विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचतेय आणि मालक गड्यांना बजावतोय, तिला हात लावायचा नाही. ही ओळ आधीही तिथेच होती.

वाचन असं का बदलतं, याला खानदेशात इतिहास आहे. मिशनरी विल्यम केरी यांनी बंगालमधल्या सेरामपूरला मराठी नवा करार १८११ साली छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचं संपूर्ण बायबल १८४७ चं. पश्चिम खानदेशातल्या भिल्ल-मावची पाड्यांत मात्र ते मुख्यतः विसाव्या शतकात, स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांबरोबर पोचलं, आणि तेही बहुतेकांना कानांनीच. घरात भिली, मावची किंवा अहिराणी. पुस्तक छापील मराठीत. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी वचनं पाठ करायची, भजनं म्हणायची. श्रावणात पोथी लावणाऱ्या मुलखाला ही रीत काही परकी नव्हती. पाठ केलेल्या वचनाला प्रश्न विचारायची सवय पुढच्या, शाळेत गेलेल्या पिढीला लागली.

मराठीत या बदलाच्या दोन ठळक नोंदी आहेत. ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते ओढले गेले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोच माणूस पुढे ख्रिस्तावर अभंग लिहू लागला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यासी झाला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. त्यानंतरही त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, त्यांनी इंग्लंडमधल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाडून वाद घातला. उतारवयात मात्र त्या हिब्रू-ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघालं. वाद थकले म्हणून भक्ती आली, असं कुणी म्हणतात. मला ते पटत नाही. शब्दन्‌शब्द पारखायचा हट्ट दोन्हीकडे सारखाच दिसतो.

आता मोबाइलवर बायबलची मावचीतलीही ध्वनिमुद्रणं ऐकता येतात, म्हणजे कान पुन्हा कामाला लागले. पण खरी अडचण जुन्या करारात, बायबलच्या पहिल्या भागात आहे. इस्राएलांचा पुढारी यहोशवा याने कनान देश जिंकला, ही गोष्ट लहानपणी विजयाची वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कसत्या जमिनीचा दावा टाकून तारखा मोजणाऱ्याला आधीच्या कनानी लोकांचं काय झालं, हे विचारावंसं वाटतं. चर्चचे काही पाळक हा प्रश्न टाळतात. मग तो माणूस त्याच करारातल्या १ राजे या पुस्तकाचा २१ वा अध्याय उघडतो. वाडवडिलांची जमीन राजालाही न विकणारा नाबोथ, त्याच्यावर उभे केलेले खोटे साक्षीदार, आणि मळ्याचा ताबा घ्यायला गेलेल्या अहाब राजाला तिथेच गाठणारा संदेष्टा एलीया. तिथे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.