संध्याकाळचं आकाश (महिन्यानुसार)

संध्याकाळचं आकाश म्हणजे सूर्य मावळून नीट अंधार पडल्यापासून साधारण रात्री ९-१० पर्यंत दिसणारं आकाश, म्हणजे झोप न मोडता बघता येतं ते. रोज त्याच वेळेला वर बघितलं तरी चित्र तेच राहत नाही, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकत असते, त्यामुळे प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतो. ४ मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण महिन्याचे होतात २ तास आणि वर्षाचे पूर्ण २४, की गाडी परत मूळ जागेवर. जानेवारीत ९ ला जे दिसतं त्याच्यासाठी डिसेंबरात ११ पर्यंत जागायला लागतं आणि फेब्रुवारीत ते ७ लाच वर आलेलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की तक्ते पाठ करायची गरज नाही.

मराठी महिन्यांची नावं हेच खरं तर एक टाइमटेबल आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून सूर्य मावळता मावळता तो पूर्वेला उगवतो, आणि तेव्हा तो ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो त्यावरून महिन्याचं नाव: कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, पुष्यावरून पौष, मघांवरून माघ, चित्रावरून चैत्र. म्हणजे महिना माहीत असला की संध्याकाळी पूर्वेला कोण वर येतंय हे आपोआप कळतं, आणि दीड-दोन महिन्यांनी ९ च्या सुमाराला तेच पार वर किंवा दक्षिणेला पोचलेलं असतं. गंमत अशी की ऐन पौर्णिमेला चंद्राच्या उजेडात ते नक्षत्रच धड दिसत नाही.

खालच्या जागा उत्तर गोलार्धातल्या, विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या भागासाठी आणि रात्री ९ च्या सुमाराच्या आहेत. दक्षिण गोलार्धात यातले बहुतेक तारे दिसतात, पण आकृत्या उलट्या.

शिकायला सुरुवात जानेवारीत मृगापासून करावी, दुसरं काही सुचवण्यात अर्थ नाही. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका रेषेतले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण. दक्षिणेकडे तोंड करून ती रेषा डावीकडे खाली वाढवली की व्याध, बाण मारणारा तोच, आणि अख्ख्या रात्रीच्या आकाशातला सगळ्यात ठळक ताराही तोच, फक्त ८.६ प्रकाशवर्षांवर (प्रकाशवर्ष म्हणजे उजेड वर्षभरात जेवढं अंतर जातो तेवढं). उजवीकडे वर वाढवली की तांबूस रोहिणी, अजून पुढे कृत्तिकांचा झुबका. मृगाच्या कोपऱ्यातला तांबडा काक्षी, म्हणजेच बेटेलज्यूस, २०१९ च्या अखेरीपासून काही महिने इतका मंद झाला होता की साध्या डोळ्यांनाही फरक कळत होता, तो आता फुटणार अशा बातम्या झाल्या, नंतर कळलं की त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता. आता बाणाच्या खाली बघा, तीन बारीक ठिपके उभे लोंबतायत. त्यातला मधला जरा पुसट वाटतो, बोट लागून डाग पडल्यासारखा. साधी बायनॉक्युलर लावली की तो ढगासारखा पसरतो. हा सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग, तिथे आत्ताही तारे तयार होतायत.

फेब्रुवारीत व्याधाच्या बराच खाली, दक्षिण क्षितिजाकडे अगस्त्य, तेजात दुसरा नंबर. फार उत्तरेला राहणाऱ्यांना तो दिसतच नाही. मार्चमध्ये पुनर्वसूची जोडी डोक्यावरून थोडी पश्चिमेला कललेली, बाकी नाव घेण्यासारखं कमीच, फक्त अंधारी जागा असेल तर पुष्याजवळचा धुरकट पुंजका शोधावा.

एप्रिलमध्ये सिंहाचं डोकं उलट्या प्रश्नचिन्हासारखं, खालचा टिंब म्हणजे मघा. उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात, त्यांच्या चौकोनातल्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा ध्रुवाकडे जाते. ध्रुव सगळ्यात तेजस्वी तारा आहे हा समज एकदाचा सोडून द्यायला हवा, तो पन्नासाव्या नंबरच्या आसपास येतो. सप्तर्षींच्या शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, त्याला चिकटलेली अरुंधती चष्म्याशिवाय दिसली तर नजर चांगली म्हणायची.

मे महिन्यात त्याच शेपटीचा बाक तसाच पुढे वळवत न्यायचा, आधी नारिंगी स्वाती लागते, मग पांढरी चित्रा. बाजूला हस्ताचे पाच तारे, आणि विषुववृत्ताच्या जवळच्या भागातून दक्षिण क्षितिजावर त्रिशंकूही, म्हणजे क्रूसासारखा ताऱ्यांचा समूह, उभा दिसतो. जूनमध्ये स्वाती जवळपास डोक्यावर, तिच्या पूर्वेला उत्तर मुकुट या तारकासमूहाची छोटी वाटी. त्यातला एक तारा १८६६ आणि १९४६ मध्ये अचानक भडकून नुसत्या डोळ्यांना दिसला होता, एरवी तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

नाव आणि आकार खरंच जुळतात असं आकाशात फार थोडं आहे, जुलैतला वृश्चिक त्यातला एक. अनुराधा तोंडाशी, लाल ज्येष्ठा काळजाच्या जागी, मूळ नांगीत. ज्येष्ठाचं ग्रीक नाव अँटारेस म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी, दोघं जवळ आले की घोटाळा होतोच. ऑगस्टमध्ये नांगीच्या डावीकडे आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, तिकडेच तिचं केंद्र. उत्तरेकडे उंचावर अभिजित. सप्टेंबरला अभिजित, श्रवण आणि हंसातला डेनेब यांचा मोठा त्रिकोण डोक्यावर येतो. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, श्रवण १७, आणि डेनेब हजाराहून जास्त, तरी तिघं एका पंगतीला बसल्यासारखे दिसतात.

ऑक्टोबरचा दक्षिणेकडचा भाग ओसाड असतो, ठळक तारा एकटा मीनास्य. वर भाद्रपदांचा मोठा चौकोन. नोव्हेंबरात त्याच चौकोनाच्या कोपऱ्यापासून निघालेल्या रांगेने देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) गाठायची. सरळ रोखून बघितलं तर ती हरवते, नजर किंचित बाजूला ठेवली की फिकट लांबट डाग उमटतो. २५ लाख प्रकाशवर्षांवरचा उजेड आहे तो. यासाठी डोळ्यांना २०-३० मिनिटं अंधार हवा, मध्ये मोबाइल बघितला की पहिल्यापासून सुरू. डिसेंबरात कृत्तिका उंच येतात, आणि १३-१४ तारखेच्या मिथुन उल्कावर्षावासाठी पहाटेपर्यंत थांबावं लागत नाही.

ग्रह या हिशोबात बसत नाहीत. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर दिसलेला ढळढळीत गोळा शुक्र नसतो, बहुतेक वेळा गुरू असतो. गुरू वर्षाला साधारण एक रास सरकतो, शनी अडीच वर्षांनी. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा यांच्या पट्ट्यात एखादा न लुकलुकणारा जास्तीचा तारा दिसला तर तो ग्रहच समजावा. सप्तर्षींमध्ये मात्र ग्रह कधी येत नाही, तिथे काही सरकताना दिसलं तर ते विमान किंवा उपग्रह.