कोवळ्या बोर्दोचा तुरटपणा काय सांगतो?

फ्रान्समधल्या बोर्दोत शरद ऋतूत द्राक्षे खुडली जातात. पुढच्या वसंतात, वाइन अजून ओकच्या पिंपांत मुरत असतानाच, व्यापारी आणि समीक्षक ती चाखायला हजर होतात. 'आज छान लागते का?' या प्रश्नाला तिथे फारसा अर्थ नसतो. दहा-वीस वर्षांनी ही वाइन कुठे पोचलेली असेल, याचा अंदाज एका घोटावरून बांधायचा असतो. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा पुरावा म्हणजे नवख्या माणसाला नकोसा वाटणारा तुरटपणा.

हा तुरटपणा गोड-आंबटासारखा रुचिकलिकांना कळत नाही. तो मुख्यतः स्पर्शातून जाणवतो. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून वाइनमध्ये टॅनिन ही तुरट संयुगे उतरतात. लाळेतल्या, प्रोलीन या अमिनो आम्लाने समृद्ध असलेल्या प्रथिनांना ते चिकटतात आणि त्यांचा साका होतो. लाळेचा बुळबुळीतपणा गेला की जीभ, गाल आणि हिरड्या एकमेकांना कोरड्या घासतात. लाळ पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून लागोपाठ घेतलेला तिसरा घोट पहिल्यापेक्षा जास्त तुरट वाटतो. एका दिवसात कित्येक नमुने चाखणाऱ्याने मध्ये थांबलेच पाहिजे, नाहीतर शेवटच्या वाइनवर हकनाक अन्याय होतो.

तुरटपणा किती आहे, याहून तो कसा आहे हे महत्त्वाचे. पिकलेल्या सालीतले टॅनिन तोंडभर पसरतात, दाट पण मऊ लागतात. कच्च्या बियांतले टॅनिन हिरड्यांवर खरखरीत बसतात, त्यांच्याबरोबर कडवटपणाही येतो. पिंपात आणि बाटलीत वर्षानुवर्षे या रेणूंच्या साखळ्या तुटतात, नव्याने जुळतात, रंग देणाऱ्या अँथोसायनिनशी बांधल्या जातात. त्यामुळेच कोवळ्या वाइनची जांभळी कड हळूहळू विटकरी होते, बाटलीच्या तळाशी गाळ बसतो आणि घोट मवाळ होतो. जिच्यात टॅनिनच नाहीत, तिच्याकडे या प्रवासाला लागणारी शिदोरी कमी.

एकाच प्रदेशातली दोन वर्षे शेजारी ठेवली की हवामान जिभेवर येते. २०२१ मध्ये एप्रिलच्या हिमतुषारांनी कोवळे कोंब जाळले, नंतरचा उन्हाळाही थंड आणि दमट गेला. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षजातीला अशा वर्षी झगडावे लागते. द्राक्ष नीट पिकले नाही की मेथॉक्सिपायरझिन ही संयुगे शिल्लक राहतात आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाक त्यांना पकडते! पुसटसा असेल तर हा वास मला दोष वाटत नाही, त्याने ताजेपणा येतो. पण ब्लॅककरंटसारख्या फळगंधाला तो झाकू लागला की काळजी करावी. २०२२ उष्ण आणि कोरडे गेले. मणी लहान राहिले, रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग आणि टॅनिन दोन्ही भरपूर. अशा वर्षी मी आधी आम्लता शोधतो. तोंडाला पाणी सुटले तर ठीक. नाहीतर सगळा भार मद्यार्कावर येतो आणि घशाला ऊब जाणवते.

नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास मात्र सहज फसवतो. २२५ लिटरच्या नव्या पिंपातून तो लवकर उतरतो आणि मन जिंकतो, पण द्राक्षाच्या प्रतीबद्दल तो काहीच सांगत नाही. डोळ्यांवरही फार विसंबू नये. बोर्दोतच झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केले. लेबल झाकून चाखण्याचा आग्रह धरावा तो यासाठीच.

सगळ्यात जास्त लक्ष घोट थुंकल्यानंतर द्यावे. तोंडात फळाचा स्वाद आधी विरतो की तुरटपणा, ते पाहावे. फळ मागे रेंगाळत असेल तर टॅनिन मवाळ होईपर्यंत ते टिकण्याची आशा असते. फळ चटकन विरून नुसता कोरडेपणा उरत असेल, तर दहा वर्षांनीही तोच उरण्याची शक्यता जास्त, आणि अशी वाइन तळघरात राखून ठेवण्यात अर्थ नाही.