रोजगार हमी योजना (रोहयो)

रोजगार हमी योजना, बोलण्यात रोहयो किंवा नुसतं "हमीचं काम", ही महाराष्ट्राने सुरू केलेली योजना. खेड्यातल्या कुठल्याही सज्ञान माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की ते सरकारने द्यायचंच, असा हक्क तिने दिला. "मागेल त्याला काम" ही घोषणा तिथलीच. २००५ साली दिल्लीत नरेगाचा, म्हणजे देशभरासाठीच्या ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला त्याच्या आधी जवळपास तीस वर्षं आपल्याकडे हे चालू होतं, आणि ही गोष्ट आजच्या पोरांना शाळेत कुणी धड सांगत नाही याचं वाईट वाटतं.

कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, गाव विसापूर, तालुका तासगाव, जिल्हा सांगली, आणि १९६५ मध्ये त्याच भागात पहिला प्रयोग झाला. योजना राज्यभर न्यायचं ठरलं तोवर बहात्तरचा दुष्काळ आला आणि मग सगळं दुष्काळी कामांवरच गेलं, १९७३ च्या मे महिन्यात तर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती घमेल्याने वाहायची, नालाबंडिंग म्हणजे ओढ्या-नाल्यांना बांध घालायचे, आणि खायला मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी हा वाटपाचा कोरडा खाऊ. घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील तर त्यांना विचारा, मिलोच्या भाकरीची चव अजून आठवते त्यांना. दुष्काळ सरल्यावर योजना परत नीट उभी केली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता, असं त्यात लिहिलेलं होतं. भत्ता फार कमी लोकांच्या हातात पडला हेही खरं.

आता पैसा कुठून आला ते बघा, मला या योजनेतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, म्हणजे मुंबई-पुण्यात पगार घेणाऱ्याकडून थोडे थोडे कापायचे आणि ते बीड-सोलापूरच्या मजुराच्या मजुरीला लावायचे, आणि कर, अधिभार मिळून जेवढे जमतील तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. आजही पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात, वर्षाचे २५००, तो हाच कर, पण कापले जातात ते कशासाठी सुरू झालं होतं हे ऑफिसात दहा जणांना विचारलं तर एखाद्यालाच सांगता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे गरीब कोण हे ठरवायची पद्धत. बाकी योजनांमध्ये उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी सेतू, तलाठी, तहसील अशा चकरा, आणि ज्याची ओळख आहे त्याचं नाव आधी लागतं. रोहयोत दाखलाच नाही. भर उन्हात दिवसभर टिकाव मारायला जो येतो त्याला गरज आहे, एवढं पुरे. यादीसाठी हात ओले करायला लागत नाहीत. पण ज्याला टिकाव उचलताच येत नाही त्याचं काय, म्हातारी माणसं, अपंग, निराधार बायका, त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली आणि तिथे परत दाखला आलाच. त्यातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १७५० च्या वर कमाई दिसली की माणूस बाद. इतक्या कमी पैशात कोण जगतं? लोक मग कमी उत्पन्नाचा दाखला काढतात, आणि खोटं बोलल्याचा डाग गरिबावरच येतो.

रोहयोवर बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण काम गावाजवळ आणि कामाचं माप सारखं तर मजुरी पुरुषाइतकीच. पाळण्याची, पाण्याची सोय कामावर असायला पाहिजे असाही नियम होता, बऱ्याच ठिकाणी पाळणा म्हणजे झाडाला बांधलेली साडीची झोळीच.

दोषही होते आणि ते लपवू नयेत. मस्टरवर म्हणजे हजेरीपटावर खोटी नावं, मजुरी महिना महिना उशिरा, अर्धवट सोडलेले तलाव आणि रस्ते. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं तशी हमीची मजुरीही जवळजवळ दुप्पट करावी लागली, आणि मग कामंच कमी निघायला लागली, म्हणजे दर वाढला आणि हमी पातळ झाली. शिवाय बांध, विहिरी, १९९० नंतर फळबागा, यांचा कायमचा फायदा ज्याची जमीन त्याला, भूमिहीनाला मिळाली ती तेवढ्या दिवसांची मजुरी. विषमता कमी करणारी योजना असूनही हा भाग तिला सोडवता आला नाही, आणि बागायतदारांनीही तिला फारसा विरोध केला नाही त्याचं एक कारण हेही असावं.

नरेगा २००६ मध्ये देशातल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली आणि २००८ पासून सगळीकडे. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती, महाराष्ट्राने त्याच्या पुढच्या दिवसांचा खर्च स्वतः उचलायचं ठेवलं. २०२५-२६ साठी राज्याचा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये ठरला. यातही काम आपणहून येत नव्हतं, ग्रामपंचायतीत नमुना ४ हा अर्ज भरून मागावं लागायचं आणि तारखेची पोच घ्यावी लागायची. तोंडी मागितलेलं काम कागदावर नसायचंच, १५ दिवस मोजले जायचे ते त्या पोचेवरच्या तारखेपासून.