काडतूस हेच मापटं

३८ स्पेशल नावाचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस असतं, त्याचं रिकामं पितळी नळकांडं घेऊन त्यात आजची दारू भरली तर एक गोष्ट लगेच खटकते. दारू तळाशी कुठेतरी जाऊन बसते आणि वर नुसती हवा. मग एवढं मोठं भांडं केलं कशाला? तर ते ह्या दारूसाठी केलेलंच नव्हतं. १८९८ च्या सुमाराला स्मिथ अँड वेसनने हे काडतूस आणलं तेव्हा त्यात काळी दारू भरायचे, साधारण २१ ग्रेन, आणि तेवढ्यात भांडं गच्च व्हायचं. (एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेएवढं धरा.) आजची दारू त्यात चार-पाच ग्रेन टाकली की काम होतं.

जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी घरी काडतुसं भरणाऱ्या लोकांचं निम्मं डोकं ह्या रिकाम्या जागेतच अडकलेलं असतं. हा छंद मुख्यतः अमेरिकेतला, तिथे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार कायद्याने अँटिक धरतात, आणि अशा हत्यारांची काडतुसं एकतर मिळत नाहीत किंवा मिळतात ती त्या म्हाताऱ्या लोखंडाला झेपतील अशी नसतात, म्हणून लोक स्वतःच भरतात. आपल्याकडे मात्र घरी करून बघायचा विचारही नको, शस्त्र कायदा १९५९ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. पण त्यामागचं विज्ञान वाचायला कोणाची ना नाही.

काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. सोरा जळताना ऑक्सिजन पुरवतो, म्हणून बंद नळकांड्यात बाहेरची हवा नसतानाही ती जळते. (हा सोरा एकेकाळी जगाला बिहार-बंगालातून जायचा, ईस्ट इंडिया कंपनीने त्यावर चिक्कार पैसा केला.) पण ही दारू तशी उधळी, जळाल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, त्याची राख आणि धूर होतो. गोळी ढकलायला कामाला येतो तो फक्त उरलेला वायू. त्यामुळे दारू भरपूर लागते, आणि भरपूर लागते म्हणून भांडं मोठं.

आणि ह्यातच एक फुकटची सुरक्षा होती बघा. भांडं भरलं की विषय संपला, त्यात दुप्पट दारू मावूच शकत नाही. म्हणजे काडतूस हेच मापटं! कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरचं ४५ चं (म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीच्या गोळीचं) काडतूस मुळात ४० ग्रेन काळ्या दारूचं, म्हणजे २.६ ग्रॅम, आणि त्या काळच्या मऊ लोखंडाचं सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) तेवढा दाब सोसेल ह्या हिशोबानेच बनवलेलं.

मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने बिनधुराची दारू काढली, तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. ही जळली की जवळपास सगळीच वायू होते, राख नावाला. शिवाय तिचा एक स्वभाव आहे, दाब वाढला की ती अजून जोरात जळते, त्याने दाब अजून वाढतो, आणि मग अजून जोरात. काळ्या दारूवर दाबाचा असा परिणाम बराच कमी. आता हे त्या अर्ध्या रिकाम्या भांड्याशी जोडा. भरणाऱ्याचं लक्ष उडालं, एकदा टाकलेली दारू विसरून परत टाकली, तरी वरून गोळी आरामात बसते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. कोल्ट कंपनीनेसुद्धा १८७३ च्या मॉडेलला बिनधुराच्या दारूची हमी १९०० मध्ये दिली, त्याआधी नाही. कमी टाकली तर चालते की, असं म्हणणारे आहेत, पण सव्वाशे-दीडशे वर्षांच्या लोखंडावर हा जुगार कशासाठी ते मला तरी समजलेलं नाही.

इंग्रजांनी उलटा उपाय केला. त्यांच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचं ४५५ चं काडतूस (आपल्याकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला हेच असायचं) कॉर्डाइट ही त्यांची बिनधुराची दारू आल्यावर एवढं लांब लागेना, तेव्हा १८९७ मध्ये भांडंच आखूड केलं.

काळ्या दारूला मात्र मोकळी जागा अजिबात खपत नाही. दारू आणि गोळी ह्यांच्यात पोकळी राहिली तर रिव्हॉल्व्हरची नळी फुगण्याचा धोका, म्हणून दारू जराशी दाबूनच बसवतात. कमी दारूचा हलका बार हवा असेल तर उरलेल्या जागेत चक्क मक्याचं भरड पीठ किंवा रवा भरतात. हो, उपम्याचा रवा!

राहिली राख. ती हवेतलं पाणी ओढते, नळीत कडक थर धरते, लोखंड गंजवते. ती मऊ राहावी म्हणून गोळीला चरबी आणि मधमाशीचं मेण लावतात. पेट्रोलियमचं ग्रीस लावलं तर डांबरासारखा चिकटा होतो असा ह्या लोकांचा अनुभव आहे, त्यामुळे अजूनही चरबीच. १८५७ मध्ये एनफिल्डच्या काडतुसांवर जी गायी-डुकराच्या चरबीची बोंब झाली ती चरबी मुळात ह्याच राखेमुळे आणि नळीत गोळी सहज उतरावी म्हणून लावायचे. पुढे शिपायांनी वंगण आपलं आपण लावावं अशी मुभा मिळाली, पण तोवर संशय पसरला होता. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर गोळीच्या तोंडावरही चरबी थापतात, नाहीतर सिलिंडरच्या एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडायचे. नेमबाजी झाली की रिकामी पितळी नळकांडी लगेच साबणाच्या गरम पाण्यात जातात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो गंधकाचा.

एवढं सगळं जुन्या पद्धतीने केलं तरी मूळ ४० ग्रेन काही जमत नाहीत. आताच्या ४५ च्या नळकांड्याचं बूड जाड आणि भरीव असतं, पूर्वी ते पातळ आणि आत पोकळ असायचं. त्यामुळे आज तेवढी दारू भरायची तर फारच दाबावी लागते, बहुतेक जण पस्तीसच्या आसपास थांबतात. कोणाला अगदी ४० च हवे असले तर तो जुनी पोकळ बुडाची नळकांडी शोधत फिरतो, आणि ती सापडली तरी त्यांचं पितळ रिव्हॉल्व्हरइतकंच म्हातारं झालेलं असतं.